राक्षसांच्या टेकड्या: केळझरचा बकासुर, मनसरची हिडिंबा आणि एक हरवलेली राजधानी

या भागाचं लेखी रूप वाचत असाल तर बसमध्ये, मेसच्या रांगेत, कुठेही वाचा, फक्त गाडी चालवताना नको. आजचा भाग जरा घरचा आहे. म्हणजे माझ्या गावापासून सुरू होतो, पार ब्रिटनमधल्या वेल्सला जातो आणि पुन्हा गावातच परत येतो.

माझं गाव सेलू. आता सेलू म्हटलं की अर्ध्या लोकांना परभणीचं सेलू आठवतं. ते नाही. आमचं सेलू वर्धा जिल्ह्यातलं, नागपूर-वर्धा रस्त्यावरचं. या रस्त्यावर वर्ध्याच्या बाजूला गेलं की पवनार लागतं, आणि नागपूरच्या बाजूला गेलं की केळझर. ही दोन नावं लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीत दोघांनाही काम आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा आजी, माझी नऊ वर्षांची चुलतबहीण आणि मी केळझरच्या गणपतीला गेलो. विदर्भातल्या अष्टविनायकांत हा गणपती मोजतात. देऊळ टेकडीवर आहे. ती जागा जुन्या किल्ल्याची, असं गावात सांगतात. कुणी म्हणतं वाकाटकांचा किल्ला. पण त्याहून जास्त लोक दुसरीच गोष्ट सांगतात. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, आणि भीमानं बकासुराला मारलं ते इथंच.

आजीनं पायऱ्या चढता चढता गोष्ट सांगायला घेतली. "राहे नं बापा, इथंच राहे तो. गाडाभर भात, दोन रेडे, अन् वरून एक माणूस. रोजचं लागे त्याले." बहीण ऐकत होती. मग तिनं मला विचारलं, "दादा, तू इंजिनिअर आहे नं? खरंच राहत होता का बकासुर?"

आणि मंडळी, मला उत्तर देता आलं नाही. "हो" म्हटलं असतं तर खोटं बोललो असतो. "नाही गं, गोष्ट आहे ती" म्हटलं असतं तर आजीसमोर आजीला खोटं पाडलं असतं. आणि मला मनातून वाटत होतं की "नाही" हेसुद्धा पूर्ण खरं उत्तर नाही. टेकडीवर काहीतरी जुनं आहे हे गावाला माहीत आहे. फक्त ते कुणाचं, हे माहीत नाही. मी "सांगतो नंतर" म्हणून वेळ मारून नेली. हा भाग म्हणजे ते "नंतर" आहे.

सुरुवात इथून खूप लांब करूया. वेल्सच्या वायव्येला समुद्रात घुसलेलं एक द्वीपकल्प आहे, लीन नावाचं. तिथं समुद्रालगत तीन शिखरांचा एक डोंगर आहे आणि त्यातल्या एका शिखरावर, साधारण 450 मीटर उंचीवर, एक प्राचीन गढी आहे. दगडावर दगड रचलेली भिंत, काही ठिकाणी आजही जवळजवळ 4 मीटर उंच. आणि भिंतीच्या आत सुमारे 150 दगडी घरांचे अवशेष. माणसं तिथं लोहयुगात राहायला लागली आणि पुढे रोमन लोक ब्रिटनमध्ये आले तेव्हाही राहत होती. वेल्समध्ये डोंगरमाथ्यावरच्या अशा गढ्या शेकड्यांनी आहेत, पण इतकी चांगली टिकलेली क्वचितच.

आता या जागेचं नाव ऐका. ट्रेर कैरी. वेल्श भाषेत त्याचा अर्थ लावतात "राक्षसांचं गाव". दैत्य, महाकाय माणसं, असं म्हणा हवं तर. तिथले धनगर पिढ्यानपिढ्या त्या भिंतीजवळ मेंढ्या चारत होते. एवढ्या उंचावर एवढे दगड कुणी नेले असतील? आपल्यासारख्या माणसांचं हे काम नाही. मग कुणाचं? राक्षसांचं. 1903 साली तिथं खणलं गेलं, तेव्हा सापडले मडक्यांचे तुकडे, मणी आणि लोखंडी वस्तू. म्हणजे तिथं राहणारी माणसं तुमच्या-माझ्याच मापाची होती. जेवण शिजवत होती, गळ्यात मणी घालत होती, आणि थंडीवाऱ्यात एवढ्या उंचावर राहण्याचं त्यांना काहीतरी कारण होतं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला केळझरच्या पायऱ्या आठवल्या. हीच गोष्ट! फक्त तिकडे नाव वेल्श राक्षसांचं आणि इकडे बकासुराचं.

आमच्या कामात एक पद्धत असते. कोड लिहिताना एखादी माहिती अजून मिळालेली नसेल, तर ती जागा रिकामी सोडत नाही. तिथं काहीतरी तात्पुरतं नाव टाकून ठेवतो, म्हणजे नंतर येणाऱ्याला कळावं की इथं काहीतरी यायचं आहे. मला वाटतं, गावाच्या आठवणीत राक्षसाचं नाव हेच काम करतं. ते सांगतं: इथं कुणीतरी मोठं राहत होतं, आम्ही नाव विसरलो, जागा विसरलो नाही.

पण हे नुसतं वाटणं झालं. ते तपासायचं कसं? त्यासाठी अशी टेकडी हवी जिच्यावर राक्षसाचं नाव आहे आणि जी नीट खणलीही गेली आहे. अशी एक टेकडी आपल्या विदर्भातच आहे.

सेलूवरून नागपूर, आणि तिथून जबलपूर रोडनं पुढं. सगळं मिळून शंभरेक किलोमीटर. रामटेकला वळायच्या आधी मनसर लागतं. मँगेनीजच्या खाणींचं गाव म्हणून बरेच जण ओळखतात. तिथल्या तलावाजवळ एक टेकडी आहे. तिचं नाव हिडिंबा टेकडी.

हिडिंबा कोण, हे सांगायला नको. भीमाची राक्षसी बायको, घटोत्कचाची आई. आणि गंमत बघा. आदिपर्वात पांडव लाक्षागृहातून निसटतात, जंगलात हिडिंबा भेटते, तिचा भाऊ हिडिंब मारला जातो. मग पांडव एकचक्रेला येतात आणि तिथं बकासुर मारला जातो. म्हणजे मनसर आणि केळझर या दोन टेकड्यांवर आपल्या लोकांनी एकाच गोष्टीचे लागोपाठचे दोन भाग ठेवले आहेत! अर्थात ही मक्तेदारी फक्त आपली नाही. जळगाव जिल्ह्यातलं एरंडोलही स्वतःला एकचक्रा म्हणवतं, बंगालमध्येही एक एकचक्रा आहे, आणि हिडिंबेचं प्रसिद्ध देऊळ आहे थेट मनालीला. प्रत्येक गावाचा पुरावा एकच: आमच्याकडे असं सांगतात.

तर ही हिडिंबा टेकडी. तिचा पहिला मोठा इशारा 1970च्या दशकात मिळाला. मनसरला एक दगडी मूर्ती सापडली. बैठी, गुबगुबीत, डोक्यावर जटांचा सुंदर संभार, चेहऱ्यावर शांत हसू. शिवाची मूर्ती म्हणून ती ओळखली जाते आणि आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कधी दिल्लीला गेलात तर आवर्जून बघा. राक्षसिणीच्या टेकडीच्या परिसरात इतकं देखणं काम कुणी केलं असेल?

मग 1990च्या दशकाच्या अखेरीस इथं मोठं उत्खनन सुरू झालं. जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा हे दोन अनुभवी पुरातत्त्वज्ञ प्रमुख होते. आणि खणण्यामागची प्रेरणा होती बौद्ध. महान आचार्य नागार्जुन या भागात राहून गेले अशी जुनी श्रद्धा आहे, आणि भदन्त सुरेई ससाई यांच्या पुढाकारातल्या, नागार्जुनांच्याच नावाच्या संस्थेनं हे काम हाती घेतलं. म्हणजे गाव म्हणत होतं हिडिंबा, खणणारे शोधत होते नागार्जुन. टेकडी मात्र गप्प होती.

खणल्यावर टेकडीतून विटाच विटा निघाल्या. टेकडीच्या उतारावर टप्प्याटप्प्यानं चढत जाणारं, विटांचं एक प्रचंड देवस्थान. पायऱ्या, ओटे, कोनाडे, शिवलिंगं, मूर्ती. जवळच दुसऱ्या जागी राजवाड्यासारखी मोठी इमारत, तिच्या जोत्याच्या विटांवर नक्षी. उत्खनकांनी इथं बौद्ध काळाचेही थर नोंदवले; त्यांचा अर्थ कसा लावायचा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण सगळ्यात महत्त्वाची वस्तू अगदी लहान होती. मातीच्या छोट्या मुद्रा. म्हणजे आजच्या भाषेत सील, पार्सलवर मारतात तसं. त्यावर ब्राह्मी लिपीत एक शब्द: प्रवरेश्वरस्य. म्हणजे "प्रवरेश्वराचं".

आता हा प्रवर कोण? तुम्हाला अजिंठा माहीत आहे. 16 नंबरचं लेणं ज्यानं कोरवून घेतलं तो वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. ती वाकाटकांची वत्सगुल्म शाखा, म्हणजे आजचं वाशीम. वाकाटकांची दुसरी शाखा आपल्या नागपूर-वर्धा पट्ट्यात राज्य करत होती. तिची राजधानी आधी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं आजचं नगरधन. या शाखेतला एक राजा म्हणजे दुसरा प्रवरसेन, पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातला. हा राजा कवीसुद्धा होता. माहाराष्ट्री प्राकृतातलं 'सेतुबंध' हे काव्य त्याच्या नावावर आहे. मराठी जिच्यातून पुढे आली त्या भाषेत आपल्या विदर्भाचा राजा काव्य लिहीत होता! शाळेत मला हे कुणी सांगितलं असतं तर इतिहासाच्या तासाला मी झोपलो नसतो.

या प्रवरसेनानं राजधानी हलवली. हे कसं कळतं? त्याच्या ताम्रपटांवरून. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला जमिनीचा दस्तऐवज, त्या काळचा सातबारा म्हणा. अशा पटाच्या सुरुवातीला तो कुठून दिला हे लिहिलेलं असतं. प्रवरसेनाचे आधीचे पट नंदिवर्धनहून दिलेत. मग राज्यवर्ष 18 मधला अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट आहे, हजार ब्राह्मणांना गाव दान दिल्याचा. तो दिलाय प्रवरपुराहून. म्हणजे मधल्या काळात राजानं स्वतःच्या नावाचं नवं शहर वसवलं होतं. पण हे प्रवरपूर कुठं होतं?

इथं आता माझ्या घरचा मामला सुरू होतो. कारण मी लहानपणापासून ऐकत आलोय की प्रवरपूर म्हणजे पवनार!

आणि हे काही पारावरचं बोलणं नव्हतं. 1938 साली विनोबा भावे पवनारला, धाम नदीच्या काठी राहायला आले. तब्येत सुधारावी म्हणून ते तिथं शेतात खणायचे, आणि खणता खणता मूर्ती निघाल्या. त्यातलं एक शिल्प त्यांनी राम-भरताच्या भेटीचं मानलं. आजही आश्रमात ते पूजेत आहे. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या शिल्पांचा अभ्यास केला. मिराशी म्हणजे वाकाटकांच्या लेखांचा सगळ्यात मोठा अभ्यासक. त्यांनी मांडलं की ही रामकथेची शिल्पं वाकाटकांच्या काळातली आहेत, इथं मोठं राममंदिर असणार, आणि पवनार हेच प्रवरपूर. नावही जुळतं: प्रवरपूर, पवनार. 1967 मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी पवनारला उत्खननही केलं. कित्येक वर्षं पुस्तकांत हेच उत्तर होतं.

आणि मग मनसरच्या मातीतून प्रवरेश्वराच्या मुद्रा निघाल्या.

तर्क कसा चालतो बघा. प्रवरसेनाच्या काळातल्या एका ताम्रपटात प्रवरेश्वराच्या देवळाच्या जागेचा उल्लेख येतो. राजाच्या नावाचं देऊळ राजाच्या नावाच्या शहरात असणार. मनसरला त्या देवाच्या नावाच्या मुद्रा आहेत, तेवढं मोठं शिवमंदिर आहे, शेजारी राजवाड्यासारखी इमारत आहे. वर जुनी राजधानी नगरधन आणि राजघराण्याचं तीर्थ रामटेक, दोन्ही हाकेच्या अंतरावर. पवनारला शिल्पं आहेत, वस्ती आहे, पण असं नावाचं शिक्कामोर्तब नाही. म्हणून आज बऱ्याच अभ्यासकांचा कल मनसरकडे आहे.

मंडळी, खरं सांगू? हे वाचून मला वाईट वाटलं. हसू नका. आमच्या तालुक्याच्या शेजारी राजधानी होती, यावर मी होस्टेलमध्ये पोरांशी भांडलोय. आणि आता कुणीतरी म्हणतंय की राजधानी शंभर किलोमीटर उत्तरेला होती, एका राक्षसिणीच्या टेकडीखाली. पहिला विचार काय आला माहितीये? मुद्रा तर हलक्या असतात, कुणी बाहेरून आणली असेल तिथं! म्हणजे पुरावा आवडला नाही की माणूस लगेच वकील होतो. पण एखादी मुद्रा फिरत जाईल, अख्खं देऊळ कसं फिरेल?

मग मिराशी चुकले का? माझ्या मते त्यांच्याकडे जो डेटा होता, त्यावर त्यांचं उत्तर चांगलं होतं. नवा डेटा आला, उत्तर बदललं. पवनारची वाकाटककालीन शिल्पं काही त्यामुळे खोटी होत नाहीत. पवनार पवनारच राहतं, फक्त त्याच्यावर लावलेलं एक लेबल निघतं. आणि मोह तोच आहे बघा: गावानं टेकडीला हिडिंबेचं नाव दिलं, आणि मी पवनारला राजधानीचं लेबल घट्ट धरून बसलो. दोघांनाही आपल्या जागेला मोठं नाव हवं होतं.

आता या प्रकरणातला माझा आवडता भाग. यात मी स्वतः कसा फसलो तेही सांगतो.

मनसरपासून रामटेकचा डोंगर जवळच. माथ्यावर तटबंदी, राममंदिर, आणि वाकाटकांच्या काळातली काही देवळं. कालिदासाच्या 'मेघदूता'तला रामगिरी तो हाच, असं बहुतेक लोक मानतात. प्रवरसेनाची आई होती प्रभावतीगुप्ता. उत्तरेतला सम्राट दुसरा चंद्रगुप्त, त्याची ही मुलगी. तिचा नवरा राजा रुद्रसेन लवकर वारला, मुलं लहान होती, आणि तिनं स्वतः राज्य चालवलं. तिचा एक ताम्रपट रामगिरीच्या स्वामींच्या पायांशी बसून दिलेला आहे, म्हणजे रामटेकलाच. अलीकडे नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडली, वर शंखाचं चिन्ह असलेली. दीड हजार वर्षांपूर्वी एक बाई इथून सही-शिक्क्यानिशी कारभार करत होती, याचा हा हातात धरता येईल असा पुरावा.

रामटेकला केवल-नरसिंहाचं देऊळ आहे. त्याच्या भिंतीवर एक शिलालेख चुन्याच्या थरांखाली शतकानुशतकं झाकलेला होता. 1980च्या दशकात तो उजेडात आला, डॉ. अ. प्र. जामखेडकर, नेदरलँड्सचे हान्स बेकर अशा अभ्यासकांनी तो वाचला. लेख बराच झिजलाय. पण त्यातून जे कळतं ते असं, की प्रभावतीच्या मुलीनं आईच्या स्मरणार्थ देवस्थान उभारलं. आणि या मुलीच्या लग्नाच्या संदर्भात एक नाव वाचलं गेलं आहे: घटोत्कच.

हो. घटोत्कच! गुप्त घराण्यातला राजपुत्र. या नावाचा गुप्त राजपुत्र दुसऱ्या एका शिलालेखातूनही माहीत आहे.

मी रात्री दोन वाजता खुर्चीतून उठलो. हिडिंबेचा मुलगा घटोत्कच. वाकाटकांचा जावई घटोत्कच. म्हणजे लोकांच्या आठवणीत घटोत्कच हे नाव उरलं, आणि त्याच्या जोडीला टेकडीला हिडिंबा हे नाव मिळालं! दीड हजार वर्षांची साखळी जुळली! मी तर भागाचं शीर्षकही लिहून ठेवलं होतं.

सकाळी चहा घेतल्यावर पुन्हा बघितलं. साखळी कुठं होती? एक कडी पाचव्या शतकातली, दुसरी आजची, आणि मधल्या दीड हजार वर्षांत एकही कडी नाही. शिवाय भारतात हिडिंबेच्या, भीमाच्या, पांडवांच्या नावानं शेकडो जागा आहेत, तिथं कुठं घटोत्कचगुप्त होता? आमच्याकडे याला म्हणतात योगायोगाला कारण समजणं. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नाही. शीर्षक खोडलं. तुम्हाला हे मुद्दाम सांगतोय, कारण व्हॉट्सअॅपवर फिरणारा निम्मा इतिहास रात्री दोन वाजताचा असतो, आणि सकाळचा चहा कुणी घेतलेलाच नसतो.

मग मनसरनं आपल्याला काय शिकवलं? माझ्या हिशोबानं दोन गोष्टी. पहिली, गावाची आठवण माणसांबद्दल चुकली होती, पण जागेबद्दल बरोबर होती. टेकडी साधी नाही, हे लोकांना ठाऊक होतं. दुसरी, खरं नाव फक्त मातीत होतं, बोटाएवढ्या मुद्रेवर, जिथं ती पडली होती त्या थरात. टेकडी जर आधीच फोडून नेली असती, तर ती मुद्रा कुठल्यातरी रस्त्याच्या भरावाखाली गेली असती आणि आपण जन्मभर हिडिंबा, हिडिंबा म्हणत बसलो असतो.

आणि हे मी घाबरवायला सांगत नाहीये. असं झालंय. पुन्हा वेल्सला चला. ट्रेर कैरी वाचली, तिची डागडुजी झाली, लोक आज डोंगर चढून ती बघायला जातात. पण त्याच उत्तर वेल्समध्ये, पेनमाएनमावर गावाच्या डोंगरमाथ्यावर दुसरी एक मोठी गढी होती. ब्रायख अ दीनास तिचं नाव. तिच्या डोंगराचा दगड उत्तम होता, म्हणून तिथं खाण सुरू झाली. गढी जाणार हे दिसल्यावर पुरातत्त्वज्ञांनी 1911-12च्या सुमारास धावपळ करून तिची नोंद केली, थोडं खणलं. आणि मग पुढच्या काही वर्षांत ती गढी, ज्या माथ्यावर होती त्या माथ्यासकट, नाहीशी झाली. आज तिथं जाऊन वर बघितलं तर शिखरच कमी झालेलं आहे. तिथली माणसं कोण होती हे आता त्या घाईघाईच्या नोंदींत असेल तेवढंच.

आपल्याकडे दगडापेक्षा मुरूम जातो. रस्ता हवा, मुरूम हवा, आणि मुरूम टेकडीतूनच येतो. मी रस्त्यांच्या विरोधात नाही. समृद्धीवरून मीही घरी लवकर पोचतो. शिवाय जुन्या विटांचा मोह वेगळाच. आयत्या, भाजलेल्या, मजबूत विटा कुणाला नको असतात? जुन्या जागांच्या विटा गावच्या घरांत, गोठ्यांत, विहिरींत गेल्या, ही गोष्ट साऱ्या देशात घडली आहे. नेणारे वाईट नव्हते. त्यांना ते बकासुराचं वाटत होतं, आणि राक्षसाच्या विटा नेल्या तर कोण विचारणार?

इथं मला आजीच्या गोष्टीचा उलटा अर्थ लागला. राक्षसाचं नाव जागा लक्षात ठेवतं, पण जागेचं रक्षण करत नाही. रक्षण केलंय ते देवळानं. केळझरची टेकडी आज उभी आहे, कारण वर गणपती आहे आणि लोक तिथं येतात. पण वाकाटकांचं नातं म्हणाल तर मनसरचं मुद्रेवर उभं आहे आणि केळझरचं अजून सांगण्यावर. म्हणून केळझरच्या बाबतीत मी "वाकाटकांचा किल्ला" असं छातीठोकपणे म्हणणार नाही. पवनारनं एकदा शिकवलंय.

मग आपण काय करायचं? साधी गोष्ट सांगतो. तुमच्या गावात अशी टेकडी असेल, पांढरी माती असेल, राक्षसाचं, पांडवांचं, गवळी राजाचं नाव असलेली जागा असेल, तर आधी म्हाताऱ्या माणसांकडून तिची गोष्ट रेकॉर्ड करा. फोन तर हातात आहेच. मोठी वीट, खापर, नाणं, कोरीव दगड दिसला तर उचलू नका. जिथं आहे तिथंच फोटो काढा, शेजारी पेन ठेवा म्हणजे माप कळेल, लोकेशन सेव्ह करा. वस्तू उचलली की तिचा पत्ता जातो, आणि पत्ता गेला की ती वस्तू मुकी होते. मनसरची मुद्रा कुण्या दुकानात मिळाली असती तर तिनं राजधानी दाखवली नसती. आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. 1878चा एक कायदाच आहे: जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. दहा रुपये! तेव्हाचे असले तरी कायदा वाचून मला हसू आलं. पण हेतू बरोबर आहे.

शेवटी बहिणीच्या प्रश्नाकडे येतो. हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी तिला फोन केला. म्हटलं, "तू विचारलं होतंस ना, बकासुर खरंच राहत होता का?" मग तिला मनसरची गोष्ट सांगितली. हिडिंबेची टेकडी, आत निघालेलं देऊळ, बोटाएवढी मुद्रा, कविता लिहिणारा राजा, आणि नवरा वारल्यावर राज्य चालवणारी त्याची आई. आणि म्हटलं, केळझरला कुणीतरी राहत होतं असं गावाला वाटतं. त्यांचं नाव आपण विसरलो, म्हणून बकासुर म्हणतो. खरं नाव कदाचित अजून मातीत असेल.

ती थोडा वेळ गप्प. मग विचारलं, "मंग आजी खोटं सांगे का?"

मी म्हटलं, "नाही. आजीनं जागा बरोबर सांगितली. नाव शोधायचं काम आपलं."

मागून आजीचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता हे मला माहीतच नव्हतं. "शोध बापा, शोध. पण आंधी गणपतीले नारळ फोडजो."

फोडणार. पुढच्या वेळी गावी गेलो की केळझरला जाईन, तिला घेऊन. या वेळी पायऱ्या चढताना खालच्या मातीकडेही बघू.

तुमच्या गावात अशी राक्षसाची टेकडी असेल तर तिची गोष्ट व्हॉइस नोट करून पाठवा. नाव, तालुका आणि सांगणाऱ्याचं वय नक्की सांगा. चांगल्या गोष्टी पुढच्या भागात ऐकवू. तोवर काळजी घ्या, आणि आजी-आजोबांना फोन करा. भेटूया!